ग्रॅहॅम हिल आणि आमचा ड्रायव्हर

सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलण्यापुरती आणि शाळेत पास होण्यापुरती. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हणून रूममेट मागे लागली तेव्हा मी सबमिशनचं कारण सांगून आठवडाभर टाळलं. शेवटी ऱ्हस्व-दीर्घ ती बघेल या अटीवर लिहायला बसले. तेव्हा चुका सापडल्या तर रूम हीच, पण पलंग खिडकीकडचा.

विषय मात्र शोधावा लागला नाही. तो पायाला प्लास्टर घालून आमच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या कॉलेजची टीम दर वर्षी एक बग्गी बनवते आणि स्पर्धेत उतरवते. बनवते म्हणजे काय, तर ऑगस्टपासून डिझाइन, मग भोसरीच्या एका शेडमध्ये पाइप वाकवून घेणं, चाकणच्या कंपन्यांत लागलेल्या सीनियर्सना फोन करकरून पार्ट्स मिळवणं, आणि दिवाळीनंतर जवळजवळ वर्कशॉपमध्येच राहणं. पंचवीस जणांचं वर्ष त्यात जातं आणि गाडी चालवतो एकच जण. तो एकच जण स्पर्धेला सोळा दिवस उरलेले असताना रविवारी कामशेतला पॅराग्लायडिंगला गेला, आणि उतरताना पाय असा टेकवला की घोट्याला फ्रॅक्चर.

त्या रात्री मेसमध्ये जे भांडण झालं ते काकांनी पोळ्या लाटायचं थांबवून ऐकलं. एका बाजूचं म्हणणं, रविवार त्याचा, पाय त्याचा, तुम्ही कोण विचारणारे? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पाय त्याचा असेल पण त्या पायाखालचा ॲक्सिलरेटर पंचवीस जणांचा आहे. मी अर्थातच दुसऱ्या बाजूला होते, आणि आवाजही माझाच मोठा होता. कुणीतरी अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांच्या करारांचा विषय काढला. तिथे खेळाडूंच्या करारातच धोक्याच्या छंदांना बंदी घालतात म्हणे. तरीही १९७९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजचा थर्मन मन्सन स्वतःचं जेट विमान उतरवताना गेला, आणि २००६ मध्ये त्याच टीमचा कोरी लायडल विमानासकट मॅनहॅटनमधल्या एका इमारतीवर आदळला. क्रिकेटवाल्यांनी लगेच डेव्हिड गॉवर काढला. १९९१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सामना चालू असताना तो आणि जॉन मॉरिस टायगर मॉथ विमानांत बसून मैदानावरून घिरट्या घालून आले आणि हजार-हजार पौंडांचा दंड भरून बसले. आपले रणजितसिंहजी तर १९१५ मध्ये इंग्लंडात शिकारीला गेले आणि उजवा डोळा गमावून आले. पाच वर्षांनी एका डोळ्यावर ससेक्सकडून पुन्हा खेळायला उतरले, तीन सामन्यांत मिळून ३९ धावा झाल्या.

एवढी उदाहरणं झाली तरी वाद काही संपेना. मला दुसऱ्या दिवशी फेकून मारायला एक जबरदस्त उदाहरण हवं होतं, आणि ते आपल्या लाइनमधलं, म्हणजे गाड्यांच्या जगातलं हवं होतं. तसं मला ग्रॅहॅम हिल मिळाला. रात्री दोनपर्यंत वाचत बसले. आणि मित्रांनो, फेकून मारायला घेतलेला दगड माझ्याच हातात राहिला.

नॉर्मन ग्रॅहॅम हिल १५ फेब्रुवारी १९२९ ला लंडनमधल्या हॅम्पस्टेडला जन्मला. (त्याच्या बरोबर पाच दिवस आधी, १० फेब्रुवारीला, इकडे जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं होतं. याचा विषयाशी संबंध आहे, पुढे येईल.) शिक्षण हेन्डनच्या टेक्निकल कॉलेजात, म्हणजे आपल्याच जातीचा. नंतर स्मिथ्स या कंपनीत अप्रेंटिस. ही कंपनी गाड्यांची आणि विमानांची मीटर-उपकरणं बनवायची. तिथे असतानाच मोटारसायकलचा अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं आणि डावा पाय कायमचा थोडा आखूड राहिला. मग नेव्हीत इंजिन रूमचं काम.

या सगळ्यात गाडी कुठेच नाही, हे लक्षात घ्या. त्याचा खेळ होता रोइंग. लंडन रोइंग क्लबकडून तो आठ जणांच्या होडीत स्ट्रोकच्या जागेवर बसायचा. म्हणजे बाकी सात जणांनी वल्हं कधी मारायचं ते याच्या वल्ह्यावरून ठरणार. बायको बेट्टीही त्याला रोइंगमुळेच भेटली. पुढे आयुष्यभर त्याच्या हेल्मेटवर गडद निळ्या रंगावर पांढऱ्या वल्ह्यांच्या खुणा होत्या, त्या त्याच क्लबच्या. ड्रायव्हिंग टेस्ट तो पास झाला चोविसाव्या वर्षी. आपल्या पिंपरीत आठवीतली मुलं बाबांची स्कूटर पळवतात, त्या हिशेबाने हा फारच उशीर.

मग त्याने कुठेतरी जाहिरात वाचली की ब्रँड्स हॅच ट्रॅकवर पाच शिलिंगला एक फेरी, या प्रमाणे रेसिंगची गाडी चालवायला मिळेल. एक पौंड देऊन त्याने चार फेऱ्या मारल्या. त्या चार फेऱ्यांनी माणूस कामातून गेला. १९५४ मध्ये असंच एकदा ब्रँड्स हॅचहून लंडनला परत येताना त्याने एका गाडीत लिफ्ट मागितली. गाडीत होता कॉलिन चॅपमन, लोटस कंपनीचा मालक. लंडन येईपर्यंत हिलने स्वतःसाठी नोकरी मिळवली होती. दिवसाला एक पौंड, काम मेकॅनिकचं, गिअरबॉक्स वगैरे. प्लेसमेंटची तयारी करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मेकॅनिकचा ड्रायव्हर व्हायला चार वर्षं गेली. १८ मे १९५८ ला मोनॅकोला तो पहिली ग्राँ प्री धावला, चांगला वर आलेला असताना चाकच निघालं. आपल्या टीमच्या गाडीचंही पहिल्या वर्षी चाक निघालं होतं असं सीनियर्स सांगतात, त्यामुळे मला तेव्हापासून तो माणूस घरचा वाटायला लागला.

तो जिम क्लार्कसारखा जन्मजात वेगवान नव्हता, असं त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण म्हणतात. त्याची ताकद दुसरी होती. त्याच्याकडे एक वही असायची. कुठल्या ट्रॅकवर कुठली स्प्रिंग, किती अँटी-रोल बार, चाकांचे कोन काय ठेवले, त्याने गाडी कशी वागली, सगळं त्यात लिहिलेलं. मेकॅनिक लोक त्याला वैतागायचे, कारण तो एकेक बदल करून बघायचा आणि पुन्हा पहिल्यावर यायचा. पण १९६२ चं विजेतेपद बीआरएमच्या गाडीत त्याने असंच चिकाटीने मिळवलं. शेवटची रेस दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनला, २९ डिसेंबरला. क्लार्क आरामात पुढे होता. त्याच्या इंजिनातला एक बोल्ट निसटला, ऑइल गळालं, आणि जगज्जेता झाला हिल. एका बोल्टने वर्ल्ड चॅम्पियन बदलला! आमच्या वर्कशॉपच्या सरांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते इतके खूश झाले की टॉर्क रेंचवर अर्धा तास बोलले.

पुढचं भराभर सांगते. मोनॅकोला पाच वेळा जिंकला, १९६३, ६४, ६५, ६८ आणि ६९. १९६६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे टेल्कोचा पुण्याचा कारखाना सुरू झाला त्या वर्षी, तो अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० पहिल्याच प्रयत्नात जिंकला. सुरुवातीलाच मोठी टक्कर होऊन ३३ पैकी ११ गाड्या बाद झाल्या होत्या त्या रेसमध्ये. बक्षिसाचा पैसा रग्गड होता, आणि त्यातून त्याने घेतलं विमान. पायपर ॲझ्टेक, दोन इंजिनांचं.

इथे मला माझ्या वादासाठी मुद्दा मिळाला असं वाटलं होतं. बघा, जगज्जेता माणूस, त्याला काय गरज होती विमानाची? पण जरा त्या काळाचा विचार केला की हा प्रश्नच हास्यास्पद होतो. ७ एप्रिल १९६८ ला हॉकेनहाइमला जिम क्लार्क गेला. हिल त्याच टीममध्ये, त्याच रेसमध्ये होता. महिन्याभरात त्याच टीमची गाडी चालवताना माइक स्पेन्स गेला. त्याआधीच्या वर्षी मोनॅकोत बांदिनी भाजून गेला होता, नंतर १९७० मध्ये मोंझाला रिंट गेला. हा ज्याचा रोजचा धंदा, त्याला विमान धोक्याचं आहे असं कोण सांगणार? उलट विमानामुळे तो रविवारी रेस करून रात्री घरी पोरांजवळ पोचायचा. लोटसची टीम क्लार्कनंतर पार कोसळली होती. त्या टीमला हिलनेच उभं केलं. पुढची स्पॅनिश ग्राँ प्री जिंकली, मग मोनॅको, आणि मेक्सिकोत वर्षाचं विजेतेपद. त्या वर्षी तो जे वागला त्यासाठी मला तो सगळ्यात जास्त आवडतो.

आता ५ ऑक्टोबर १९६९. अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनची रेस. हिलची गाडी गरकन फिरली आणि इंजिन बंद पडलं. तो खाली उतरला, गाडी ढकलली, ती सुरू झाली, उडी मारून बसला आणि निघाला. सीटचे पट्टे बांधायचे राहिले, कारण ते एकट्याला बांधताच येत नव्हते, मेकॅनिक लागायचा. टायर बसत चाललाय हे त्याला कळलं होतं, पिटकडे तशी खूणही केली. पण पिटमध्ये यायच्या आधीच टायर गेला, गाडी उलटली आणि हा बाहेर फेकला गेला. दोन्ही पाय मोडले. चाळिशीचा माणूस, आता संपला असं सगळ्यांनी धरलं. पाचच महिन्यांनी, मार्च १९७० मध्ये, दक्षिण आफ्रिकेत तो पुन्हा गाडीत बसला आणि सहावा आला.

हा परिच्छेद मी दोनदा वाचला. पाय मोडल्यामुळे नाही, पट्ट्यामुळे. का, ते सांगते थोड्या वेळाने.

१९७२ मध्ये आंरी पेस्कारोलोबरोबर तो ल मान्सची चोवीस तासांची रेस जिंकला. फॉर्म्युला वनचं विजेतेपद, इंडियानापोलिस आणि ल मान्स, तिन्ही जिंकणारा तो आजपर्यंतचा एकमेव माणूस आहे. इथे थांबला असता तर बरं झालं असतं, पण खेळाडू कुठे थांबतात? १९७३ पासून स्वतःची टीम काढली, सिगारेट कंपनीचा पैसा, गाडी मागे मागे. ज्या मोनॅकोला पाच वेळा जिंकला तिथेच १९७५ मध्ये तो पात्रसुद्धा ठरला नाही. १७६ ग्राँ प्री आणि १४ विजय यानंतर त्या जुलैत सिल्व्हरस्टोनला त्याने ड्रायव्हिंग सोडल्याचं जाहीर केलं. टीममध्ये टोनी ब्राइज हा तेवीस वर्षांचा पोरगा होता, विलक्षण वेगवान. हिलने ठरवलं, आता याला घडवायचं. बेट्टीला वाटलं असेल, सुटलो एकदाचे. गाडीतून तो जिवंत उतरला होता.

२९ नोव्हेंबर १९७५, शनिवार. फ्रान्सच्या दक्षिणेला पॉल रिकार ट्रॅकवर पुढच्या वर्षाच्या गाडीची टेस्ट आटोपून ते लंडनला परत निघाले. ॲझ्टेक हिल स्वतः चालवत होता. बरोबर ब्राइज, डिझायनर अँडी स्मॉलमन, मॅनेजर रे ब्रिम्बल, मेकॅनिक टोनी अल्कॉक आणि टेरी रिचर्ड्स. उतरायचं होतं घराजवळच्या एल्स्ट्रीच्या छोट्या विमानतळावर. तिथे दाट धुकं. रात्री दहाच्या सुमारास विमान आर्कली गावच्या गोल्फच्या मैदानात झाडांना धडकून पेटलं. सहाच्या सहा जण गेले. एक अख्खी फॉर्म्युला वन टीम, ड्रायव्हरपासून पान्हे चालवणाऱ्यापर्यंत, एका विमानात संपली.

विमान इतकं खाली का आलं, याचं पक्कं कारण चौकशीत सिद्ध होऊ शकलं नाही. पण कागद बाहेर आले. विमानाची अमेरिकेतली नोंदणी रद्द झालेली होती आणि दुसऱ्या कुठल्याच देशात ती केलेली नव्हती. म्हणजे कायद्याने ते विमान कुठलंच नव्हतं. हिलच्या अमेरिकन लायसन्सची मुदत संपली होती. आणि ढग-धुक्यात फक्त उपकरणांच्या भरवशावर विमान चालवायला जे वेगळं रेटिंग लागतं, त्याचीही मुदत संपलेली होती. हे सगळं असल्यामुळे विम्याचा उपयोग शून्य. मेलेल्यांच्या घरच्यांनी भरपाई मागितली ती हिलच्या मालमत्तेतून, आणि मागणारच, त्यांची तरी घरं कशी चालायची? बेट्टीला मोठं घर सोडावं लागलं. मुलगा डेमन पंधरा वर्षांचा होता. पुढे त्याने मोटारसायकलवरून पार्सलं पोचवायची कामं केली.

वाचून मी सुन्न झाले. ज्या माणसाच्या वहीत प्रत्येक ट्रॅकच्या प्रत्येक स्प्रिंगचा आकडा होता, त्याच्या विमानाच्या फायलीत एक कागद धड नव्हता. ज्याने उमेदवारी केली ती उपकरणांच्या कंपनीत. असं का झालं असेल? मला सुचलं ते एवढंच की रेसच्या गाडीवर शंभर डोळे असतात. स्क्रूटिनीअर असतो, मेकॅनिक असतात, पट्टा बांधायलासुद्धा दुसरा माणूस असतो. विमान हा त्याचा छंद. छंदात तपासणारा कोण? आपणच. आणि धुक्यात उतरू शकेन की नाही हे ठरवणाराही तोच, घरी जायची घाई असणाराही तोच. कदाचित त्याला वाटलं असेल, वॉटकिन्स ग्लेनमधून उठलो, हे काय मोठं.

तेव्हा खेळाडूने उडावं का, या प्रश्नावर माझं मेसमधलं भाषण आता मला देता येत नाही. उडणं हाच गुन्हा म्हणावा तर जेआरडींचं काय करायचं? सगळ्या टाटा समूहाचा भार खांद्यावर असताना ते उडत राहिले, आणि १९८२ मध्ये ७८ व्या वर्षी पन्नास वर्षांपूर्वीच्या पहिल्या टपाल उड्डाणाची आठवण म्हणून जुन्या लेपर्ड मॉथमधून कराचीहून मुंबईला आले. गेले ते १९९३ मध्ये जिनिव्हाला, एकोणनव्वदाव्या वर्षी. तारीख २९ नोव्हेंबर. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला रात्री दोन वाजता दचकायला तो पुरला. हिलने एकट्याने उडून काय ते केलं असतं तर मी त्याला नावं ठेवली नसती. मला सलतो तो तेवीस वर्षांचा ब्राइज, आणि ते दोन मेकॅनिक. त्यांनी विमानात चढताना लायसन्सची तारीख विचारली असेल का? वर्ल्ड चॅम्पियनला कोण विचारतं?

आता पट्ट्याबद्दल. आमच्या गाडीच्या सेफ्टी चेकलिस्टचं काम माझ्याकडे आहे. बेचाळीस ओळी आहेत त्यात. ड्रायव्हरच्या हार्नेसवर एक छोटं लेबल असतं, त्यावर बनवल्याची तारीख, कारण ठरावीक वर्षांनंतर तो पट्टा चालत नाही. त्या ओळीपुढे मी टिक केली होती. लेबल न बघता. दुसऱ्या दिवशी व्हायवा होती, रात्री साडेबारा वाजले होते, आणि गेल्या वर्षी चालला म्हणजे यंदाही चालेल असं मी धरलं. म्हणजे मेसमध्ये पंचवीस जणांची मेहनत म्हणून जी सगळ्यात मोठ्याने ओरडत होती, तिनेच त्या एका जणाचा पट्टा तपासला नव्हता.

सकाळी साडेसातला वॉचमनकाकांकडून चावी घेऊन वर्कशॉप उघडलं. हार्नेस मागच्या कपाटात होता, ग्रीसचे डाग पडलेला. लेबल फडक्याने पुसून वाचलं. मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती.

नवा पट्टा आणायला वर्गणी काढावी लागली आणि ती का काढावी लागली हे सगळ्यांसमोर सांगावं लागलं. कुणी फार बोललं नाही. आमचा ड्रायव्हर मात्र प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने वर्गणीचे पहिले शंभर रुपये दिले. स्पर्धेत गाडी दुसऱ्याने चालवली. नंबर विचारू नका.

डेमन हिलची गोष्ट राहिली. तो आधी मोटारसायकलच्या रेसमध्ये आणि मग गाडीत आला. १३ ऑक्टोबर १९९६ ला जपानमध्ये सुझुकाला तो वर्ल्ड चॅम्पियन झाला. चॅम्पियनचा मुलगा चॅम्पियन होण्याची ती पहिलीच वेळ. हेल्मेट गडद निळं होतं आणि त्यावर तीच पांढरी वल्ही.

आमच्या ड्रायव्हरचं प्लास्टर निघालंय. परवा तो पुन्हा कामशेतचं नाव काढत होता, या वेळी सगळ्या टीमलाच घेऊन जायचं म्हणत होता. मी तिथल्या इन्स्ट्रक्टरच्या सर्टिफिकेटची तारीख विचारली. त्याने फोन लावलाय, उत्तर यायचंय.